विद्यापीठातील स्वयंपाकघर

विद्यापीठाच्या आवारात ग्रंथालय असते, प्रयोगशाळा असतात, क्रीडांगण असते, क्वचित एखादे नाट्यगृहही असते. स्वयंपाकघरही असतेच; पण ते वसतिगृहाच्या खाणावळीमागे, धुराड्याखाली, विद्यार्थ्यांना प्रवेश नसलेल्या जागी असते. तेथे जेवण तयार होते, ज्ञान तयार होते असे कोणी मानत नाही. गृहविज्ञानाच्या मोजक्या महाविद्यालयांत ओट्यांच्या रांगा असलेली पाकशाळा आढळते, पण तिच्याकडेही इतर विद्याशाखांचे प्राध्यापक काहीशा कौतुकाने आणि बऱ्याचशा तुच्छतेने पाहतात. या पार्श्वभूमीवर आम्हांला असे म्हणावयाचे आहे की प्रत्येक विद्यापीठात सर्व विद्यार्थ्यांना खुले असे, शिकण्यासाठीचे स्वयंपाकघर असावे. तेथे स्वयंपाकाचे वर्ग चालावेत आणि आहाराविषयी मार्गदर्शन मिळावे. मात्र ही मागणी जितकी निरुपद्रवी दिसते तितकी ती नाही. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा एक गुंतागुंतीचा इतिहास आहे, आणि तो विसरून असे स्वयंपाकघर उभारले तर त्यातून हितापेक्षा अहितच अधिक होईल.

अमेरिकेतील विद्यापीठांत गेली काही वर्षे ही कल्पना नव्याने रुजली आहे. हार्वर्ड विद्यापीठातील काही डॉक्टरांनी तेथील एका प्रसिद्ध पाकविद्या संस्थेच्या सहकार्याने २००७ पासून वैद्यक व्यावसायिकांसाठी परिषदा भरवायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने तर वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अध्यापन-स्वयंपाकघरच उभारले. यामागील तर्क सरळ आहे. मीठ कमी करा, तेल कमी करा, भाज्या वाढवा, हे डॉक्टर रुग्णाला सांगतो. पण मीठ कमी केल्यावर आमटी बेचव न होऊ देण्याची युक्ती त्याला ठाऊक नसते. ‘काय खाऊ नये’ हे सांगणारे शास्त्र आणि ‘मग काय व कसे शिजवावे’ हे सांगणारी कला यांच्यात पडलेली दरी बुजवण्यासाठी भावी डॉक्टरांच्या हाती सुरी आणि कढई देण्यात आली.

यातील गंमत अशी की अमेरिकेतील विद्यापीठांत स्वयंपाकघर पूर्वी होतेच. एमआयटीमध्ये प्रवेश मिळालेली पहिली स्त्री, रसायनशास्त्रज्ञ एलेन स्वॅलो रिचर्ड्स हिने गृहविज्ञानाच्या चळवळीचा पाया घातला. तिला विज्ञानाच्या मुख्य प्रवाहात पुरेशी जागा मिळाली नाही, म्हणून तिने स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा केली. पुढे कॉर्नेलसारख्या विद्यापीठांत गृहविज्ञानाची महाविद्यालये निघाली. मग काळ बदलला, ‘गृह’ हा शब्द अवजड वाटू लागला, आणि १९६९ मध्ये कॉर्नेलच्या महाविद्यालयाने आपले नाव बदलून ‘ह्यूमन इकॉलॉजी’ असे करून घेतले. जे स्त्रियांचे शास्त्र म्हणून विद्यापीठाच्या मागच्या दाराने आले होते, तेच आता वैद्यकाचा पांढरा डगला घालून पुढच्या दाराने येत आहे. तीच डाळ, तीच कढई. ज्ञानाची प्रतिष्ठा मात्र ते कोणाच्या हातात आहे यावर ठरते. साहित्याच्या अभ्यासकांना यात नवल वाटू नये. ओवी आणि महाकाव्य यांच्या प्रतिष्ठेतील फरकही केवळ गुणवत्तेने ठरलेला नाही.

आपल्याकडील इतिहास अधिक बोलका आहे. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमावर ‘मराठा’ पत्रातून कडक टीका झाली. मुलींना घरकामास उपयोगी पडेल असे शिक्षण द्यावे, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे ‘मुलींना स्वयंपाक शिकवा’ ही मागणी तेव्हा ‘मुलींना इंग्रजी आणि गणित शिकवू नका’ या मागणीची सौम्य आवृत्ती होती. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८२ मध्ये, ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वादाची धग कळते.

महर्षी कर्वे यांची भूमिका याहून वेगळी होती, पण तीही सरळ नव्हती. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठाची स्थापना केली. मातृभाषेतून शिक्षण हे त्याचे एक वैशिष्ट्य. गृहजीवनाचे शास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात दिलेले स्थान हे दुसरे. ज्या समाजात मुलीने शिकावे हेच मान्य नव्हते, तेथे शिक्षण घराच्या उपयोगी पडेल असे सांगून तिला घराबाहेर काढणे, हा कर्व्यांचा मार्ग होता. त्या मार्गाने हजारो स्त्रिया शिकल्या, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. अन्नाचे, पोषणाचे, घराच्या अर्थकारणाचे शास्त्र हे ‘स्त्रियांचे शास्त्र’ म्हणून कायमचे नोंदले गेले. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ मध्ये निघाले ते स्त्रियांसाठीच. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली. ज्या हंसाबेनांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील ‘सर्व पुरुष’ हे शब्द बदलून ‘सर्व मानव’ असे करून घेतले, त्यांच्या विद्यापीठातही पाकशाळेच्या दारावरचा अदृश्य फलक ‘सर्व मानव’ असा झाला नाही.

येथे जपानचा पुढचा इतिहास पाहण्यासारखा आहे. कर्व्यांनी ज्या देशाकडून प्रेरणा घेतली, त्या देशाने नंतर आपलीच चूक दुरुस्त केली. तेथील उच्च माध्यमिक शाळांत गृहविज्ञान हा विषय दीर्घकाळ केवळ मुलींना सक्तीचा होता. १९९३ पासून कनिष्ठ माध्यमिक आणि १९९४ पासून उच्च माध्यमिक शाळांत तो मुलामुलींना समान सक्तीचा झाला. २००५ मध्ये तर ‘शोकुइकु’ म्हणजे अन्नशिक्षणाविषयी तेथे स्वतंत्र कायदाच करण्यात आला. आपण जपानकडून १९१६ मध्ये जे घेतले ते शंभर वर्षे जपून ठेवले. जपानने पुढे जे शिकले ते घ्यायला मात्र आपल्याला सवड झाली नाही.

म्हणून आमची पहिली अट अशी की विद्यापीठातील हे स्वयंपाकघर मुलग्यांसाठी ऐच्छिक आणि मुलींसाठी ‘स्वाभाविक’ असता कामा नये. स्त्रीवादी वाचक येथे विचारतील की ज्या चुलीपासून सुटका करून घ्यायला तीन पिढ्या गेल्या, तीच चूल पुन्हा विद्यापीठात कशाला? हा आक्षेप आम्हांला फार गंभीर वाटतो. पण चूल टाळल्याने चुलीची सक्ती संपत नाही, ती फक्त दुसऱ्या स्त्रीकडे जाते, हेही आपण पाहिले आहे. शिकलेली स्त्री नोकरीला गेली तेव्हा पोळ्या लाटायला दुसरी, कमी शिकलेली बाई आली. पुरुष मात्र ताटावरच बसून राहिला. स्वयंपाक हे स्त्रीचे कर्तव्य नसून प्रत्येक सज्ञान माणसाचे कौशल्य आहे, असे विद्यापीठाने म्हणायचे असेल, तर ते निबंधातून म्हणून भागणार नाही. तेवीस वर्षांचा मुलगा परातीत पीठ घेऊन बसला पाहिजे.

दुसरी अट आहाराच्या मार्गदर्शनाविषयी. येथे पुन्हा एलेन रिचर्ड्सचे उदाहरण उपयोगी पडेल. १८९० मध्ये तिने बोस्टनमध्ये ‘न्यू इंग्लंड किचन’ सुरू केले. गरीब, स्थलांतरित कामकऱ्यांना स्वस्त, शास्त्रशुद्ध, पोषणमूल्ये मोजून शिजवलेले अन्न मिळावे असा तिचा हेतू होता. हेतू उत्तम, शास्त्र त्या काळाच्या मानाने बिनचूक. तरीही कामकऱ्यांनी तिकडे पाठ फिरवली. त्या अन्नात न्यू इंग्लंडची मिळमिळीत चव होती. इटलीहून किंवा आयर्लंडहून आलेल्या माणसाच्या जिभेची, आठवणींची, त्याच्या आईच्या हाताची त्यात दखल नव्हती. पोषणशास्त्र जेव्हा वरून खाली उपदेश करते तेव्हा ते असे एकटे पडते.

आपल्याकडे हा उपदेश आणखी एका कारणाने अपुरा ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला; याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आहे. स्त्रीच्या शरीराला लोहाची गरज अधिक असते हे खरे. पण एवढ्याने हा फरक पुरता उलगडत नाही. ज्या घरात स्त्री सर्वांत शेवटी, उरलेले जेवते, त्या घरात तिला ‘लोहयुक्त आहार घ्या’ असे सांगणे म्हणजे भुकेल्याला भुकेची व्याख्या सांगणे होय. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचेही तसेच. बीड-परभणीहून किंवा गडचिरोलीहून पुण्या-मुंबईस आलेला मुलगा वडापाव आणि चहावर दिवस काढतो तो अज्ञानामुळे नव्हे. दोन वेळच्या डब्याचे पैसे महिनाअखेर पुरत नाहीत म्हणून. खोलीत विजेची शेगडी सापडली तर दंड, खाणावळीतील भाजी तिखट पाण्यासारखी, आणि भिंतीवर ‘संतुलित आहार’ असा तक्ता! तेव्हा विद्यापीठाच्या स्वयंपाकघराने मार्गदर्शन करावे ते महिन्याच्या पंधराशे रुपयांत, एका कुकरवर, पाऊण तासात काय शिजू शकते याचे. शेगडीची आणि भांड्यांची सोयही त्यानेच करून द्यावी. जे आचरणात आणण्याचे साधन नाही त्याचा सल्ला देणे हा क्रूरपणा आहे.

शिवाय पोषणशास्त्राचे कितीतरी धडे आपल्या घरगुती रीतींमध्येच दडलेले आहेत. ते उलगडून दाखवणे हे अध्यापनाचे खरे काम. पोह्यांवर लिंबू का पिळायचे? लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेल्या चहाने नेमके उलटे होते. मटकीला मोड का आणायचे? मोड येताना लोह आणि जस्त अडवून धरणारे फायटेट कमी होते. वरण-भात एकत्र का? तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोघे एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून उन्हाच्या पाण्याने ते पीठ मळावे लागते आणि भाकरी थापावी लागते. कोकणातला आणि गोव्यातला उकडा तांदूळ घ्या. भात तुसासकट उकडल्याने कोंड्यातील थायमिन दाण्यात उतरते आणि पुढे भरडतानाही टिकते. ज्या बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसनच्या प्रयोगशाळेची सुरुवात झाली, आणि जिच्यातून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था वाढली, त्या रोगावरचा एक उपाय किनारपट्टीच्या चुलीवर आधीपासून रटरटत होता. हे सांगताना ‘आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा सूर मात्र लावू नये. त्यांना परिणाम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हते. विद्यापीठाचे काम दोहोंची गाठ घालून देण्याचे आहे.

तिसरी अट सर्वांत अवघड आहे, कारण ती जातीविषयी आहे. ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हटले की पुरणपोळी, अळूचे फदफदे, साधे वरण यांचीच यादी पुढे येते. १९१० च्या ‘गृहिणी-मित्र’पासून १९७० च्या ‘रुचिरा’पर्यंत आपली गाजलेली पाकपुस्तके प्रामुख्याने उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांतून आली. ती थोर पुस्तके आहेत. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेऊन कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. पण जे त्यांत नाही तेही महाराष्ट्रातच शिजत होते. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नाच्या आठवणी आणि पाककृती यांचे एक पुस्तक सिद्ध केले. हे ताट भारतीय नाही काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. त्यानंतर २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले आणि मराठवाड्यातील दलितांच्या चुलीवरील चान्या, रक्ती यांसारखे पदार्थ कृतीसह, संकोच न करता, मराठी गद्यात उतरले. ही दोन्ही पुस्तके वाचली म्हणजे कळते की पाककृती हा केवळ पदार्थाचा नव्हे, तर काय मिळत होते आणि काय नाकारले जात होते याचा दस्तऐवज असतो.

आज विद्यापीठांत स्वयंपाकघर काढले तर त्यात अंडे फोडता येईल काय? हा प्रश्न विनोदी नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीतील एका खाणावळीत काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. स्वस्तातले उत्तम प्रथिन म्हणून पोषणशास्त्र ज्याची शिफारस करते, ते सोवळ्याच्या दारात अडकते. शाकाहारी विद्यार्थ्याच्या भावनेचा मान राखावा, त्याची भांडी वेगळी हवी असतील तर तीही द्यावी. पण त्याच्या भावनेला नियमाचे रूप देऊन इतरांचे अन्न ‘अस्वच्छ’ ठरवू नये. ‘सात्त्विक आहार’ या शब्दाने पोषणाच्या वर्गात प्रवेश केला की शास्त्र संपले आणि सोवळे सुरू झाले असे समजावे.

आता आमच्यासारख्या साहित्याच्या शिक्षकांनी यात का पडावे, हा प्रश्न उरतो. आमचे उत्तर असे की हा विषय भाषेचाही आहे. सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्त यांचे ‘भोजनकुतूहल’, १८७५ मधील रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’, दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ ही परंपरा आपल्या वाङ्मयेतिहासात कोठे येते? पाककृती हा आज्ञार्थाचा, क्रमाचा आणि अचूक निरीक्षणाचा गद्यप्रकार आहे. ‘चवीपुरते’, ‘बेताचे’, ‘सैलसर’, ‘तांबूस होईपर्यंत’, ‘दणदणीत वाफ’, ‘एकतारी पाक’, ‘मोहन’, ‘उकड’: यांतील प्रत्येक शब्दामागे डोळ्यांचे, नाकाचे, बोटांचे ज्ञान उभे आहे. ते शब्द हात चालत असतानाच टिकतात. विद्यार्थ्यांना ‘परतणे’, ‘भाजणे’, ‘तळणे’ आणि ‘शेकणे’ यांतील फरक सांगता येत नाही अशी तक्रार आपण करतो. पण ज्याने कांदा कधी परतला नाही त्याला तो शब्दकोशातून कसा कळणार? यूट्यूबवर सर्व काही दिसते हे खरे. तेथे रंग दिसतो, वास येत नाही. आणि करपल्यावर का करपले हे सांगायला कोणी शेजारी उभे नसते. शेजारी उभे राहणारे माणूस हीच तर शिक्षणसंस्थेची व्याख्या आहे.

आमची सूचना फार मोठी नाही. वसतिगृहाच्या खाणावळीला लागून एक मोठी खोली, दहा शेगड्या, पाण्याची आणि हवेची नीट व्यवस्था. गृहविज्ञान विभागातील आहारतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा तेथे बसावी आणि खाणावळीच्या स्वयंपाकिणींना अध्यापक म्हणून, अध्यापकाच्या मानधनावर बोलवावे. सर्व विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांना एका सत्राचा, परीक्षेच्या धाकाविना, पण श्रेयांक असलेला अभ्यासक्रम असावा. त्यात प्रत्येकाने आपल्या घरची एक कृती आणावी, ती सर्वांना करून वाढावी, आणि ती कोणाकडून आली, कोणत्या मोसमात व कोणत्या तंगीत शिजत होती हे शुद्ध मराठीत लिहून द्यावे. चार-पाच वर्षांत त्या लेखनाचे जे बाड जमेल ते कोणत्याही मराठी विभागाला अभिमानाने छापता येईल.

तोपर्यंत निदान एवढे तरी करता येईल. आपापल्या महाविद्यालयात खाणावळ समिती असतेच. तिच्या बैठकांना साहित्याचे शिक्षक बहुधा जात नाहीत. त्यांनी जावे. तेथे ताटात काय पडते, कोणाच्या ताटात काय पडत नाही आणि ते कोण ठरवते, हे विचारावे. हे प्रश्न कवितेच्या वर्गात आपण मोठ्या तळमळीने विचारतो; खाणावळीत ते विचारले तर उत्तरही मिळण्याची शक्यता आहे.